मिर्कोचा मिस्टर

१२ ऑगस्ट २००६, शनिवार, स्लाऊ, इंग्लंड

आज वरच्या छोट्या बॉक्स रूममध्ये लॉजर, म्हणजे भाडेकरू, आला. मिर्को. वय एकोणीस, मोदेनाजवळच्या गावचा, उंची सहा फूट चार. धंदा: गोलकीपर. खरोखरचा, प्रोफेशनल. इथल्या क्लबने इटलीतून आणलाय. क्लब खालच्या डिव्हिजनमधला, पण पगारी. नव्या खेळाडूंसाठी घरगुती खोल्या हव्यात ही नोटीस माझ्या बायकोने, शिल्पाने, तिच्या हॉस्पिटलमध्ये वाचली आणि मला न विचारता फोन केला. माफ. इटलीने गेल्याच महिन्यात वर्ल्ड कप जिंकलाय.

पलंग सहा फुटी. पोराचे पाय बाहेर.

संकल्प: याचं करिअर आपण घडवायचं. शेवटी मीही पुण्यात कॉलेजचा विकेटकीपर होतो. राखीव. डायरीत खोटं कशाला.

१३ ऑगस्ट, रविवार

मिर्को मला 'मिस्टर' म्हणतो. नेटवर शोधलं. इटलीत खेळाडू कोचला मिस्टर म्हणतात! एका दिवसात ओळखलं पोराने. शिल्पा म्हणाली, काल पोस्टमनलाही मिस्टरच म्हणाला. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

गार्डनमध्ये स्पेशल प्रॅक्टिस. टेनिसचे बॉल, मी फेकणार, तो झेलणार. एकूण शंभर, असा प्लॅन. अकराव्या बॉलला माझा खांदा गेला. मिर्कोने बर्फ आणून बांधला. छान बांधतो. त्याने अकराच्या अकरा झेलले, म्हणजे पद्धत योग्य आहे.

९ सप्टेंबर, शनिवार

कळलं की मिर्को क्लबचा तिसरा गोलकीपर आहे. पहिला खेळतो, दुसरा बेंचवर बसतो, तिसरा स्टँडमध्ये बसून चहा पितो. हे त्याने येताना सांगितलं नव्हतं. शिल्पा म्हणते सांगितलं होतं, तेव्हा मी त्याला विकेटकीपिंगची ग्रिप दाखवत होतो.

ऑफिसात लंच टाइममध्ये स्प्रेडशीट सुरू केलं: डिव्हिजनमध्ये कोण पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चुका शोधणं हेच माझं काम. ख्रिसमसपर्यंत मिर्को फर्स्ट टीममध्ये. लिहून ठेवतो.

१ ऑक्टोबर, रविवार

मिर्कोचं काँट्रॅक्ट फक्त जानेवारीअखेरपर्यंत. तोवर काही दाखवलं नाही तर परत घरी, वडिलांच्या टाइल्सच्या कारखान्यात. वडिलांनी म्हणे त्याची खुर्चीसुद्धा ठरवून ठेवलीय. हे मला शिल्पाकडून कळलं. ती पोळ्या करते तेव्हा हा ओट्याला टेकून उभा राहतो आणि मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं तिला सांगतो. आईशी फोनवर बोलून झालं की डोळे लाल असतात, तेही तिलाच दिसतं.

माझ्याशी फारसं बोलत नाही. आदर.

आमची ईशिता नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. ती त्याला मराठी शिकवते. दोघांचं मराठी आता सारखंच आहे. काल तो मला म्हणाला, "मिस्टर, चहा गरम आहेस."

१५ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं! दुसऱ्याला कांजिण्या! (आनंद झाला असं नाही. पण झाला.) शनिवारी मिर्को खेळणार. संध्याकाळी त्याला स्प्रेडशीटची बावीस पानं दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. शिल्पाने मला बाजूला बोलावून सांगितलं, पोराने दुपारपासून काही खाल्लं नाहीये, आज त्याला एकटं सोड. मी बरं म्हटलं आणि फक्त जाता जाता एक सूचना केली. चाळीस मिनिटांची.

१८ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी ७

झालं ते असं.

मी मुद्दाम मिर्कोच्या गोलमागे उभा राहिलो. फॅमिली स्टँडमधून मार्गदर्शन होत नाही. हाफटाइमनंतर त्याने बाजू बदलली, मीही बदलली. पोरगं काय खेळत होतं! चार नक्की गोल अडवले. एक तर पायाच्या अंगठ्याने. आजूबाजूचे लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले. मी सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे राहतो. आम्ही एक-शून्यने पुढे.

त्र्याऐंशीवं मिनिट. कॉर्नर. त्यांचा एक उंच माणूस आमच्या डिफेंडरच्या मागे मोकळा. कोणालाच दिसला नाही, मला दिसला. घाईत तोंडातून मराठी आलं. ओरडलो, "मिर्को, मागे!"

ईशिताने शिकवलेल्या मोजक्या शब्दांत 'मागे' आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने मागे पाहिलं. थेट माझ्याकडे. मी हात हलवला.

एक-एक. त्यानंतर त्याने आणखी एक खाल्ला. हरलो.

नोंद: माझं निरीक्षण अचूक होतं. फक्त भाषेची अडचण.

१९ नोव्हेंबर, रविवार

शिल्पाने मिर्कोचं ताट वर खोलीत नेलं. ईशिता तेवढी म्हणाली, "बाबा, तुझा आवाज खूप मोठी होती."

९ डिसेंबर, शनिवार

दुसऱ्याच्या कांजिण्या गेल्या. मिर्को पुन्हा स्टँडमध्ये. मी कोच ग्रॅहमला तीन पानी पत्र लिहिलं, स्प्रेडशीटसकट. उत्तर नाही. विचार करत असेल.

१३ जानेवारी २००७, शनिवार

ग्रॅहमने मिर्कोला सांगून टाकलं, काँट्रॅक्ट वाढणार नाही. मिर्को आला, जेवला, ताट धुतलं आणि खोलीत गेला. बॅग ओढल्याचा आवाज आला. शिल्पा दाराबाहेर उभी राहिली, मग आत गेली.

मी स्प्रेडशीट उघडलं. बंद केलं. बावीस पानांत माझ्या नावाची एकही रो नाही. चुका शोधणारा माणूस.

१४ जानेवारी, रविवार

ठरवलं आणि गेलो. दारात उभा राहून म्हटलं, त्या दिवशी चूक माझी होती, मी ओरडायला नको होतं. सॉरी. एवढंच म्हणायला दोन महिने लागले. मिर्को म्हणाला, "नो, मिस्टर. गोलकीपरने मागे बघायचं नाही. चूक माझी."

म्हणजे चूक त्याची होती! हलकं वाटलं.

दुपारी ४. हलकं वाटणं टिकलं नाही. तो जिना उतरताना मला बघून हसला. ज्याचं सगळं गेलं तो मला धीर देत होता, आणि मी तो घेतला.

२९ जानेवारी, सोमवार

चमत्कार. कार्डिफजवळच्या एका छोट्या क्लबला ताबडतोब गोलकीपर हवाय आणि त्यांनी मिर्कोला बोलावलंय! माझं पत्र पोचलं तर! ऑफिसमधून ग्रॅहमला थँक्स म्हणायला फोन केला. तो म्हणाला, कसलं पत्र? कार्डिफच्या मॅनेजरला त्याने स्वतःच सांगितलं होतं: ज्या मॅचला पोरगं हरलं, त्या मॅचची पहिली ब्याऐंशी मिनिटं बघा.

३० जानेवारी, मंगळवार

शिल्पा रजा घेऊन त्याला कार्डिफला सोडायला गेली. मला ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. निघताना मिर्कोने ईशिताला ग्लव्ह्ज दिले, शिल्पाच्या पाया पडला (ईशिताने शिकवलं, आणि त्या उंचीवरून ते सोपं नाही), माझा हात घट्ट धरला. मी बरंच काही सांगणार होतो. "जेवत जा," एवढंच निघालं.

१० मार्च, शनिवार, कार्डिफहून परतताना, एम फोर मोटरवेवरचा सर्व्हिसेस थांबा

मिर्कोने आमच्यासाठी तिकिटं ठेवली होती. सलग सहावी मॅच तो खेळला. आता तोच पहिला गोलकीपर. मॅनेजर म्हणाला, उन्हाळ्यानंतर दोन वर्षांचं काँट्रॅक्ट देतोय. वडील टाइल्स सोडून विमानाने आले होते. मोठा माणूस, शिल्पाला मिठी मारून रडला. माझ्याकडे वळून त्यांनी मुलाला इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. मुलाने उत्तर दिलं. वडिलांनी हसून मला लांबूनच हात केला.

सीट उत्तम होत्या. मुख्य स्टँड, अगदी मधोमध, दोन्ही गोलपासून सारख्याच लांब. मी म्हटलं, बघ, व्हीआयपी सीट, मिस्टरसाठी. शिल्पा म्हणाली, त्याने मला फोन करून स्टेडियमचा नकाशाच समजावला होता. मिस्टरचा आवाज कुठून ऐकू येणार नाही, तेवढं बघतो, म्हणाला.

नव्वद मिनिटं मी एक शब्द बोललो नाही. मिर्कोने एकही गोल खाल्ला नाही, टीम एक-शून्यने जिंकली.

ईशिता म्हणाली, पुढच्या वेळी बाबाने घरीच राहावं, मग टीम दोन गोलने जिंकेल. डेटा कमी आहे, असं मी तिला सांगितलं. शिल्पा म्हणाली, पुरेसा आहे.