खाण्याचे बेत गाळलेली सहल

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर! चार ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकांना तू जेवढी माया लावतेस, त्यातली थोडी बहिणीच्याही वाट्याला येऊ दे.

मी मात्र आज भरपूर लिहिणार, कारण आपल्या चौघांच्या सहलीचं एकदाचं ठरलंय. ज्या शहराबद्दल आपण वर्षानुवर्षं नुसत्या गप्पा मारतोय, तिथेच जायचं. नदीकाठच्या जुन्या पेठेत एक लहानसं हॉटेल मिळालंय, समोरासमोर दोन खोल्या. एकीतून पूल दिसतो, दुसरीच्या खिडकीखाली बेकरीचं मागचं दार. पुलाची खोली मोठ्यांना द्यावी असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी पुलाकडे ढुंकूनही बघणार नाहीत, त्यांना पहाटेचा पावाचा वासच हवा असेल.

सकाळी संग्रहालयं. तिथे जुन्या पोशाखांचं एक दालन आहे. नाटकाचे कपडे शिवून शिवून माझी बोटं झिजली, पण खरा जुना झगा मी अजून जवळून पाहिलेला नाही. आमचे हे चित्रांसमोर उभे राहिले की हलत नाहीत. शाळेतली पोरं त्यांच्या चित्रकलेच्या तासाला का झोपतात, ते तुला तिथे कळेल. संध्याकाळी एक दिवस गाणं, एक दिवस नाटक. आणि मधल्या सगळ्या वेळात खाणं! ते खातं सर्वस्वी भाऊजींकडे. कुठे बसायचं, काय मागवायचं, ते त्यांनी ठरवायचं. घरात एवढा मोठा आचारी असताना आम्ही कशाला डोकं चालवू?

हो, मागच्या खेपेला त्यांचं सूप खारट झालं म्हणून मी सगळ्यांदेखत थट्टा केली होती, त्याचा राग तर नाही ना धरला? मिठाची बरणीच उपडी केलीत का, असं मी म्हणाले तेव्हा ते हसले खरे, पण लगेच उठून मोरीपाशी गेले. त्यांना सांग, टिटवी आहे, ओरडायचीच.

उलट टपाली होकार कळव. माया आहेच, ती या वेळी जरा लांबलचक पत्रातून दिसू दे.

तुझी,
टिटवी


११ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, गुडघ्याचं निमित्त सांगून मोकळं व्हावं. तसं लिहूनही टाकलं होतं. मग तो कागद फाडला. तुझ्याशी किती खोटं बोलायचं?

तुझ्या भाऊजींना वास येत नाही. हिवाळ्यात तो ताप आला होता ना, तो उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. खारट, आंबट तेवढं जिभेला कळतं; बाकी सगळं भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, असं ते म्हणतात. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. बाकी काही लागेना म्हणून त्या दिवशी ते सुपात मीठच घालत गेले, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तुझा काही दोष नाही. तुला ठाऊकच नव्हतं.

कामावर, त्यांच्या हॉटेलात, त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मीच सांगू दिलं नाही. म्हटलं, ज्याला वास येत नाही अशा आचाऱ्याला कोण ठेवेल? थोडे दिवस कळ काढा, बरं वाटेल. त्यांच्या हाताखालची मदतनीस चाखून बघते आणि मानेने खूण करते. तिच्या मानेवर सगळं स्वयंपाकघर चाललंय.

आणि माझं ऐकशील? घरी मी फिकं करते. भात, उकडलेल्या भाज्या. त्यांच्यासमोर चवीने जेवायची लाज वाटते गं. पण दुपारच्या सुट्टीत लायब्ररीच्या मागच्या खाणावळीत जाऊन बसते. झणझणीत मागवते, ताट चाटूनपुसून खाते, मग दोनदा चूळ भरते आणि पदर झटकून कामाला लागते. चोरून कुणाला तरी भेटून यावं तसं होतं. ज्या माणसाने मला इतकी वर्षं करून घातलं, त्याच्या पाठीमागे मी जेवते.

तेव्हा तुम्ही दोघं जाऊन या. आम्हाला नेऊन त्यांना रिकाम्या खिशाच्या पोरासारखं मिठाईच्या दुकानाबाहेर उभं करू नकोस. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हातातलं शिवण बाजूला टाकून पत्र दोनदा वाचलं. मी त्या सुपावरून सगळ्या टेबलाला हसवलं होतं गं. आमचे हे म्हणतात, तुला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे खरं, पण ते उठून गेले तेव्हा काहीतरी बिनसलंय एवढं मला दिसलं होतं. तरी मी दुसरा विनोद केला.

पण तुम्हाला सोडून आम्ही जायचो नाही. मी सगळा बेत बदललाय. खाणं गाळलं. संग्रहालयं, गाणं, नाटक, होडीतून फेरी, बस्स. जेवायला खोलीवरच काहीतरी साधं. बेकरीवरची खोली आम्ही घेतो. भाऊजींना मी वेगळं पत्र टाकलंय, की आमच्या ह्यांचं पोट बिघडलंय, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय, म्हणून या वेळी नुसतं बघायचं. तुझं नाव कुठे आलेलं नाही, निश्चिंत राहा.

आता तरी नाही म्हणू नकोस. जमलं तर मला माफ कर, नाही जमलं तरी ये.

तुझी,
टिटवी


२१ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याचं पोट बिघडलं हे वाचून फार करमणूक झाली. तो माणूस लग्नात दुसऱ्या पंगतीलाही बसला होता. पुढच्या वेळी आजार निवडताना आम्हाला विचारत जा.

तुझ्या ताईने तुला सांगितलं, हे उघड आहे. तिला बोलू नकोस. ती दुपारी बाहेर जेवते तेही मला माहीत आहे. तिच्या बाहीवर रश्श्याचा डाग असतो. मला वास येत नाही, दिसतं चांगलं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरं वाटलं, की चला, कुठेतरी ही पोटभर जेवते. मग वाटलं, माझ्यामुळे हिला स्वतःच्या घरात उपाशी राहावं लागतंय. तेव्हापासून मीही गप्प, तीही गप्प, आणि मधे उकडलेला दुधी.

सुपाचं मनावर घेऊ नकोस. त्या टेबलावर सगळ्यांनी ते मुकाट्याने गिळलं, तू एकटी खरं बोललीस.

मला खुपतंय ते वेगळंच. मागच्या आठवड्यात नासलेल्या सायीचा सॉस मी स्वतःच्या हाताने ताटात वाढला. ताट दारापर्यंत गेलं होतं. मदतनिसीला वास आला आणि तिने ते ओढून घेतलं. ते एका म्हाताऱ्या जोडप्याचं ताट होतं, लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा. मी तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. असं म्हणणारा माणूस मी नव्हतो गं. हे मी तुझ्या ताईलाही सांगितलेलं नाही.

सहलीला आम्ही येतो. पण खाणं परत बेतात घाल, आणि बेकरीवरची खोली आम्हाला दे. माझ्यासाठी तिघांनी उपास केलेला मला चालणार नाही.

भेटीत बोलू. तोवर ताईला धीर दे आणि मला सूट देऊ नकोस.

तुझे,
भाऊजी


१९ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

घरी पोचून आठवडा होत आला, आज लिहायला बसले.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही नाटकाला गेलात आणि आम्ही दोघं त्या गल्लीतल्या खाणावळीत गेलो. तिथे काय झालं ते तुला स्टेशनवर सांगता आलं नाही. ताटं आली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि मला विचारलं, कसं आहे? मी छान म्हटलं आणि चमचा खाली ठेवला. ते चिडले. म्हणाले, इतकी वर्षं जेवून तुझ्याजवळ एवढा एकच शब्द आहे का? नीट सांग. मी चाचरत सांगायला लागले, की आधी काहीच नाही, मग मागून आंबट येतं, मग धूर, चुलीजवळ बसल्यासारखा. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, लिंबू शेवटी पिळलंय इथल्या आचाऱ्याने, चांगला आहे पोरगा. मी सांगत गेले आणि खात गेले. रडतही होते बहुतेक. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मला रुमाल दिला.

मग त्यांनी मला त्या ताटाचं सांगितलं, दारापर्यंत गेलेल्या. टिटवे, मी हातातला घास ताटात परत ठेवला. लपवा म्हणणारी मीच ना? कुणाची तरी आई-आजी त्यात आजारी पडली असती.

सोमवारी ते हॉटेलात गेले आणि मालकीणबाईंना सगळं सांगितलं. माझ्या मनात वेडी आशा होती, की त्या म्हणतील, काही हरकत नाही. तसं झालं नाही. नाक गेलं म्हणून नाही, इतके महिने लपवलं म्हणून त्या खूप बोलल्या. बरोबरच बोलल्या. मुख्य आचाऱ्याची जागा मदतनिसीला दिली. ह्यांना विचारलं, कणीक मळायच्या टेबलापाशी उभे राहाल का? पीठ हाताला कळतं, त्याला नाक लागत नाही. हे हो म्हणून आले. घरी येऊन बूट न काढता बराच वेळ खुर्चीत बसले. मी जवळ गेले नाही.

मग मी उठले आणि किती तरी महिन्यांनी नीट स्वयंपाकाला लागले. तेल तापवलं, कांदा टाकला. आणि चोरून जेवायच्या सवयीने खिडकी उघडली, वास बाहेर जावा म्हणून. कुणापासून लपवत होते ते देव जाणे! हे उठून आत आले, गार वारा येतोय म्हणून खिडकी लावून घेतली आणि माझ्याशेजारी उभे राहिले. कढईकडे बघतही नव्हते, नुसते ऐकत होते. जरा वेळाने म्हणाले, गॅस बारीक कर, कांदा लागायला आलाय.

मी बारीक केला.

मनातली बोच गेलेली नाही, पण जेवले पोटभर. येत जा, आणि येताना भूक घेऊन ये.

तुझी,
ताई