भागाबाईच्या हाताला किडे पडोत

असोदा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोहिनीस,

आशीर्वाद. नात्याने मोठी आहे म्हणून लिहावा लागतो, तेवढ्यापुरता घे. सासूबाईंचा गुडघा तसाच आहे. थंडीने केळीची पानं करपली. योगराजभाऊजींना आणि तन्मयला आठवण सांग. खुशाली संपली.

आता पत्र का, तर तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज केला तर वाचल्याची निळी खूण दिसते आणि पुढे काही नाही. कागद हातात आला की तो शेवटपर्यंत वाचावा लागतो. निदान तुझ्यासारख्या लेखिकेला तरी.

हो, लेखिका. कळलंय मला. सगळ्या गावाला कळलंय.

दिवाळी झाली तेव्हापासून इथल्या बायका एकच गोष्ट वाचत होत्या. दर गुरुवारी मोबाईलवर भाग यायचा, ‘माय दारातून परतली’. लिहिणारी कोण, तर ‘गिरणाकाठची’. बायका मळ्यात भाकरी सोडायच्या आधी मोबाईल काढायच्या. हळदीकुंकवाला गेलं तरी वाणाच्या आधी प्रश्न, “भाग वाचला का वं?” सासूबाईंना आमची डिंपल वाचून दाखवायची. त्या लुगड्याच्या पदराने डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, “अशी कशी वं ती भागाबाई? बाईच आहे का कोण आहे?” मी शेजारी लसूण सोलत बसायचे. माझ्याही डोळ्यात पाणी. लसणाने येत नाही पाणी, हे तुला सांगायला नको.

गरीब घरची पोटुशी धाकटी जाऊ. दुधाच्या कपाटाला कुलूप लावणारी मोठी जाऊ भागाबाई. आणि लेकीच्या ओढीने एस.टी. बदलत येणारी ती माय. लिहितेस चांगलं, मेली. खोटं कशाला बोलू.

जानेवारीत आपल्या मळ्यात भरीत केलं. काट्यांवर वांगी भाजत होती, मी कळण्याच्या भाकरी थापत होते. गुरुवार होता. शेजारच्या अभिमनची बायको म्हणाली, थांबा, नवा भाग आला, मी वाचते. आणि तिने मोठ्याने वाचला. माय पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला न्यायला येते. दारात भागाबाई उभी. म्हणते, न्यायचं नाही. लेक आत झोपलेली, तिला हाकसुद्धा मारू देत नाही. माय उन्हात तशीच परत जाते.

बायकांनी जे तोंड सोडलं! “अशा जेठानीच्या हाताले किडे पडतीन,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “किडे बी तिले शिवनार नाहीत.” आणि मोहिनी, सगळ्यांत जास्त मी बोलले. तव्यावरची भाकरी करपली तरी बोलत होते. एवढ्यावर न थांबता मी डिंपलकडून शिकून घेतलं आणि त्या भागाखाली माझ्या स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘भागाबाईच्या हाताला किडे पडोत. मंजुळा, असोदा.’

त्याला तू बदाम दिलास. लाल.

तेव्हा मला कोण आनंद! लेखिकेने माझं वाचलं, बदाम दिला. सासूबाईंना दाखवला, ह्यांना दाखवला. हे म्हणाले, “चला, ह्या हेमराजची बायको फेमस.”

पुढच्या गुरुवारी मी भाग एकटीच वाचला. त्यात तू लिहिलं होतंस, की मायने लेकीसाठी वाळवणाची ज्वारीची बिबडी आणली होती. जुन्या पिवळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. भागाबाईने ती घेतली, दार लावलं आणि रात्री एकटीने तळून खाल्ली.

पिवळ्या लुगड्याचा तुकडा. तो माझ्याकडे अजून आहे, तांदळाच्या डब्यात खाली अंथरलेला.

मोहिनी, मी ओसरीवर जाऊन बसले. मग तो भाग पुन्हा वाचला. मग पहिल्यापासून सगळे. ते दुधाचं कपाट आपलं. कुलूप मी लावत होते, लावत होतेच. घरात मांजरं किती होती ते तू लिहिलं नाहीस. ‘कमरेवर हात ठेवून बोलते’, ती मी. ‘हसली की एका बाजूला दात दिसतो’, तो माझा दात. आणि माझ्या नावाखाली, माझ्याच हाताला पडणाऱ्या किड्यांखाली, तुझा लाल बदाम. धुळ्यात तुझ्या गॅलरीत बसून तो देताना तू हसली असशील. किती हसलीस?

तरी मी गप्प बसले असते. कोणाला कळणार होतं? पण तुझ्या दिपमालावहिनीने स्टेटस ठेवलं, ‘माझ्या नणंदेची खरी कथा, जरूर वाचा’, वर तुझा फोटो. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ! दोन दिवसांत असोद्यात, तिसऱ्या दिवशी नशिराबादेत.

नशिराबादेत कमलबाई राहतात. तुला माहीत नसेल, कारण तुला आम्ही सांगितलं नव्हतं. डिंपलला त्यांच्याकडून मागणी होती. मुलगा जळगावला बँकेत. पोहे झाले होते, मुलाला पसंत, डिंपलला तर इतका पसंत की ती चालताना गुणगुणायची. कमलबाई घर बघायला म्हणून एकट्या येणार होत्या. आल्या. सासूबाईंच्या पाया पडल्या, चहाचा कप हातात घेतला. डिंपल खारे शेंगदाणे घेऊन आली तेव्हा त्या मला म्हणाल्या,

“तुमच्या धाकट्या जाऊबाई धुळ्याला ना? छान लिहितात हो. आमच्याकडे सगळ्या वाचतात.”

मी म्हटलं, “हो.”

“मग ती भागाबाई म्हणजे…” त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “राग मानू नका. माझी पोर... म्हणजे तुमची पोर माझ्या घरात यायची आहे. विचारलेलं बरं. ती तुम्हीच का?”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. डिंपल हातात बशी घेऊन उभी.

“मीच,” मी म्हटलं.

“बाळंतपणाला न्यायला आलेल्या आईला खरंच परतवून लावलं तुम्ही?”

“लावलं.”

“का पण?”

मोहिनी, तिथे एका वाक्यात मी सुटले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, “माझी मर्जी.”

कमलबाईंनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. जाताना कुंकू लावून घेतलं, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधी दोनदा बघून झाली होती.

डिंपल माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, “आई, खोटं तरी बोलायचं होतंस.” पोरीला काय सांगू? मी खोटंच बोलले होते.

आता ऐक. खरं तर मला हे लिहायचं नव्हतं. पहिलं पान लिहिताना ठरवलं होतं, नुसत्या शिव्या देऊन थांबायचं. पण शिव्यांनी भागत नाही.

त्या दिवशी तू घरात झोपलेली नव्हतीस. योगराजभाऊजींबरोबर जळगावला सोनोग्राफीला गेली होतीस. कुंदाबाई, तुझी आई, मुद्दाम तो दिवस बघून आली. मीच फोनवर सांगितलं होतं की तुम्ही जाणार. घरात मी एकटीच होते; ती दारात उभी राहिली नाही, मी तिला आत घेतलं, पाट दिला. चहा केला, तो तिने प्याला नाही. ती तुला न्यायला आली नव्हती. नेता येत नाही, हे सांगायला आली होती.

तुझ्या वहिनीचं, दिपमालाचं, बाळ त्याच्या आदल्या महिन्यात गेलं होतं, सातव्या महिन्यात. तुला ते माहीत आहे, तू रडली होतीस. तुला हे माहीत नाही, की दिपमालाने घरात सांगितलं होतं, पोटुशी बाई या उंबऱ्यात आली तर मी विहीर जवळ करीन. आणि तुझा भाऊ, ज्ञानेश्वर, तिच्या बाजूने बसला. “मोहिनीले आनू नको,” म्हणाला आईला. तुझी आई माझ्यासमोर हुंदके देत म्हणत होती, एक पोटची पोर, एक घरात आलेली पोर, कोणाला बाहेर काढू?

मग तिने माझे पाय धरले. मी मागे सरले तरी सोडेना. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहिते, कारण ते माझ्या कानातून गेलेच नाहीत. “अक्का, तिले सांगू नको. तिले सांगजो, मी लेवाले उनथू, तूच धाडं नही. ती तुना राग करी ते चाली. मायना घरनं दार बंद शे, हाई तिले समजाले नको.”

मी काही देवमाणूस नाही. तुझं-माझं तेव्हाही पटत नव्हतं. मला वाटलं, ही तसाही माझा राग करते, त्यात आणखी एक. हो म्हटलं. तुला तिने फोनवर तेच सांगितलं, की ती न्यायला आली होती आणि मीच तुला धाडलं नाही, आणि तू त्या दिवसापासून माझ्याशी तोंड वाकडं केलंस.

बिबडी तिने तुझ्यासाठीच ठेवली होती; ते तिने तुला पुढे कधीतरी सांगितलेलं दिसतं. द्यायची कशी? मग त्या आठवड्यात मी ती तळली आणि माझीच म्हणून तुझ्या ताटात वाढली. तू खाल्लीस. सासूबाईंना म्हणालीस, “अक्कांच्या हातची अगदी माझ्या आईसारखी लागतात.” मी तोंड फिरवून तेलात झारा हलवत राहिले. मी त्यातलं एक खाल्लं नाही. एकही नाही, मोहिनी.

तुझं बाळंतपण मी केलं. तन्मयला तेल लावलं, तुला शेक दिला, डिंकाचे लाडू वळले. तुझ्या कथेत ती पोर एकटी कण्हत पडलेली असते आणि भागाबाई दाराआडून हसते. मी दाराआड उभी असायचे, खरं आहे. तू माझ्यासमोर दूध पीत नव्हतीस म्हणून.

दोन वर्षांनी कुंदाबाई गेली. मला वाटलं होतं, मरायच्या आधी ती तुला सांगेल आणि मला मोकळं करील. तिने नाही सांगितलं. बरोबर केलं असेल. आईला काय करावंसं वाटतं ते मला डिंपलकडे बघून आता कळतंय, आणि म्हणूनच हे मी तुला लिहिते आहे. माझ्या पोरीच्या तोंडचा घास तुझ्या त्या गोष्टीने गेला. त्याचं दुखणं मी एकटीने का सोसायचं? तुझ्या पदरात थोडं पडू दे.

ज्ञानेश्वरला विचार, दिपमालाला विचार. ते तोंडावर नाही म्हणाले तर त्यांच्या डोळ्यांकडे बघ. नाहीतर विचारू नकोस आणि भाऊबीजेला जात राहा, मला त्याचं काही नाही.

कमलबाईंना मी सांगितलं नाही. ह्यांना, सासूबाईंना, डिंपललाही नाही. सांगणार नाही. गावात मी भागाबाई आहे, राहू दे. त्या गोष्टीत तिला विंचू चावव, लकवा भरव, बायका टाळ्या वाजवतील. पण यातलं एक अक्षर त्या मोबाईलवर आलं, तुझ्या आईचं ते पाय धरणं आलं, तर मी धुळ्याला येईन. आणि मग दारात कोण कोणाला परतवतं ते बघू.

पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात. तुला कळू नये म्हणून मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले.

कळावे.

मंजुळा