हळद आणि हिरवे मासे

सोमवार, ८ जुलै
चेतना लॅबमधून मासे घेऊन आली! तिथली लाइट सुधरेपर्यंत दोन दिवस आपल्या शंकर नगरच्या घरी पाहुणे. दोन डबे. मासे तांदळाच्या कणीएवढे, आरपार दिसतात. माझी ही नात त्यांच्या मेंदूचे फोटो काढते, डोकं न फोडता! एका डब्यातल्यांले मेलेल्या जंतूंची सुई टोचली आहे. आजारपणात मेंदूतले पहारेकरी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, काय करतात, ते पाहायचं. लेझर पडला की पहारेकरी हिरवे चमकतात म्हणे.

"शुक्रवार को सर को दिखाना है, आजी. नहीं दिखा तो पूरा साल गया."

हे इंद्रजीत सर एकदा घरी आले होते. वाळल्या वांग्यासारखं तोंड. माझा चहा अर्धा ठेवला. माय अमरावतीची, मराठी वाचतातही म्हणे, तरी असे.

मंगळवार, ९ जुलै
आजारी डबा पाहून जीव कसनुसा झाला. तापल्या लेकरांले आपल्यात हळद देतातच. चिमूटभर टाकली, सकाळी सातला, चहाच्या आधी. दुसरे ठणठणीत आहेत, त्यांले काहून द्यायची?

बुधवार
मासे गेले. घर सुनं.

शुक्रवार, १२ जुलै
चेतना नाचतच आली. "बीमारवाले चमक गए, आजी! सिर से पूँछ तक!" सर हसले म्हणे. तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

मी जिलेबी आणायले निघाली. जिन्यात डोक्यात आलं — मेंदू शेपटीत कधीपासून?

परत फिरली. सांगून टाकलं.

"हल्दी?" पोट्टी खालीच बसली. लेझरमध्ये हळद आपली आपणच हिरवी चमकते म्हणे. मले काय माहीत! ती जेवली नाही. मीही नाही.

शनिवार
तिनं फोन स्पीकरवर ठेवून सरांले सगळं खरं सांगितलं. मी दाराआड. सर म्हणाले, छापायच्या आधी कळलं, वाचलो. नवे मासे घे, एक महिना वाढवून देतो. शिवाय तिसरा डबा ठेव, हळदीचा. पहारेकरी शांत होतात का, तेही पाहू.

साल वाचलं!

"पर कितनी डाली थी? कितने बजे?" सरांनी विचारलं.

मी दाराआडूनच ओरडली, वहीत लिहून आहे!

सर म्हणाले, वहीच आणून दे.

रविवार, १४ जुलै
इंद्रजीत सर, सोमवारी लिहिलेलं वांग्याचं मनावर घेऊ नका. घरी या. चहा नव्यानं करते. हळद नाही टाकणार.