टेपवर नसलेला

१३ जानेवारी १९९७

एकदाचा नोकरीला लागलो! नेवासा तालुक्यातला दूध संघ, आणि मी त्याचा कॉम्प्युटर ऑपरेटर. संगमनेरच्या कॉलेजात एका सरांची कॉलर धरली नसती तर आज इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो. धरली ती धरली. वाईट वाटत नाही.

सर्व्हरची खोली एसी आहे. अख्ख्या गावात तेवढीच थंड. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला; तो बघून चहावाल्या केशरबाई म्हणाल्या, “नाव सम्राट, आन् पायात तार!” सगळं ऑफिस हसलं. डोकं फिरणारच होतं, पण हिशेबाच्या टेबलावरची सायलीही हसली. मग मीपण हसलो.

पुढच्या महिन्यात पुण्याची माणसं येऊन नवीन सॉफ्टवेअर बसवणार. तोवर सर्व्हरवरच्या सगळ्याची रोज टेपवर नक्कल घ्यायची. प्रत्येक वाराची एक टेप. पुढच्या सोमवारी सोमवारच्याच टेपवर नवं चढतं, जुनं जातं. टेपा भाऊंच्या केबिनमधल्या कपाटात. भाऊ म्हणजे राधाकृष्णभाऊ, आमचे साहेब. सकाळीच दम दिला त्यांनी: आधी आजची टेप, मगच मशीनला हात. कधी जुनी टेप उतरवावी लागली, तर नंतर मशीन टेपशी ताडायचं आणि टेपवर नसलेलं जास्तीचं सगळं पुसायचं.

दारापाशी कोल्हापुरी चपलांचा एक जोड धूळ खात पडलाय. आधीच्या ऑपरेटरचा. गोरक्ष, भाऊंचा भाचा. दिवाळीत याच खोलीत शॉक लागून गेला. जोड कुणी हलवत नाही.

२३ जानेवारी

काल केशरबाईंशी वाजलं. पुन्हा तारेवरून बोलल्या, मी कपांचा ट्रे भिंतीवर फेकला. सहा कप फुटले. सायली उठून निघून गेली. ते जास्त लागलं.

आज सकाळी टेप घेण्याआधीच लाईट गेली आणि मशीन बिघडलं. भाऊंनी कालची, बुधवारी सकाळी घेतलेली टेप आणली. दार लावून आम्ही दोघांनी ती उतरवली. ही वही खिशातच होती.

२२ जानेवारी, पुन्हा

दार उघडलं तर बाहेर बुधवार! कॅलेंडरवर बुधवार, पेपर बुधवारचा. केशरबाई त्याच सहा कपांतून चहा देत होत्या. भिंतीवर डाग नाही. मी हात जोडून माफी मागितली, तर म्हणाल्या, “कशाची रं बाबा? सकाळपासून तू बोललायस कुठं?”

भाऊंनी मला आत ओढलं. खोलीत असतो त्याच्या ध्यानात राहतं, बाकी सगळं टेपवरच्या दिवसाला जातं. तोंड उघडलंस तर जीभ हासडीन, म्हणाले. मी विचारलं, मग गोरक्षला का नाही आणलं? त्यांनी दाराची कडी लावली. मग म्हणाले, “दसऱ्याच्या आदल्या दिवसाची टेप हाय त्याच्या टायमाची. पण तिला बुरशी लागली. जे यील ते पुरं येनार न्हाई. सख्ख्या भाच्यासाठी मी ती लावली न्हाई, तू बघूसुदिक नको तिच्याकडं.”

८ फेब्रुवारी

सायलीच्या बोटात अंगठी. साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले म्हणे. पोरगा मास्तर आहे. मी रोज तिच्या टेबलाजवळ घुटमळतो, तिला कळत नव्हतं? विचारलं तर म्हणाली, तू कधी नीट बोललास का? आधी विचारलं असतंस तर बघितलं असतं.

आधी विचारलं असतंस तर!

वारांच्या टेपा आठवड्यापलीकडं जात नाहीत. सगळ्या साखरपुड्यानंतरच्या. त्याआधीची एकच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

ऑफिस बंद आहे. भाऊ घोडेगावच्या पाहुण्यांकडं गेलेत. कपाटाची कडी उचकटली आणि गोरक्षची टेप घेतली. कडेला पांढरी बुरशी. पुसली शर्टानं.

आधी आजची टेप घ्यायला हवी. कळतं मला. पण तिला दोन तास लागतात आणि माझ्यानं दोन मिनिटं थांबवत नाही. मी आत आहे, मला सगळं आठवणार. बाहेर जाईन, तिला पहिल्यांदा भेटल्यासारखा भेटेन. यावेळी नीट विचारेन.

लावली.

मध्येच स्क्रीनवर आलं: काही भाग वाचता येत नाही, वगळू का? हो दाबलं. पुन्हा आलं. हो. पुन्हा. हो, च्यायला, हो!

झालं.

बाहेर माणसांचा आवाज. झेंडूचा वास.

दसऱ्याचा आदला दिवस

दाराबाहेर माझ्या चपला नाहीत. कोल्हापुरीही नाहीत.

अनवाणीच गेलो. केशरबाई मशीनच्या पूजेसाठी हार ओवत होत्या. बोटं दोनच. बाकीच्या जागी गुळगुळीत, जखम नाही, काही नाही. मला बघून ओरडल्या, कोण रं तू, कुठनं घुसलास?

सायली टेबलावर होती. बोटात अंगठी नाही. मी जवळ गेलो. तिनं मान वर केली.

तिला तोंड नाही.

नाकाखाली सरळ हनुवटी. समोर डबा उघडलेला. भाकरीचा तुकडा हातात धरून ती बसली होती. कुठं न्यायचा ते तिला कळत नव्हतं. माझ्याकडं बघत होती, अनोळखी माणसाकडं बघतात तशी. विचारू काय? उत्तर कशानं देणार ती?

भाऊ धावत आले, चोर चोर म्हणत. मी म्हटलं, भाऊ, मी सम्राट. त्यांनी कानफटात मारली. आत पळालो. कडी लावलीय.

नंतर

परत जायचंय. पण आजची टेप घेतलीच नाही — कालची शनिवारची कपाटात — कपाट बाहेर — आणि त्यात आता माझी टेप नसणार. मी इथं अजून आलेलोच नाही.

दार ठोठावतायत. भाऊ सांगतायत गोरक्षला बोलवा.

बाहेर चपला काढल्याचा आवाज. कोल्हापुरीच.

तो हळू बोलतोय. मामा, कुनीतरी टेप उतरवलीय. ताडायची राहिली.

दाराच्या फटीतून आत सरकवलेली पट्टी. कडी हलतेय — वर — 

आलाय. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. तरी बटणं बरोबर दाबतोय. माझ्याकडं वळलासुद्धा नाही.

भाऊ बाहेरून विचारतात, चोर घावला का? तो म्हणाला, न्हाई मामा, कुनी न्हाई. जरासं जास्तीचं हाय. तेवढं पुसतो.

मी ओरडलो. त्याला ऐकू — 

पाय थंड. बघितलं तर बोटं नाहीत — टाच — गुडघ्यापर्यंत फरशीच दिसतेय —

आई. आईला कुणीतरी सांगा. कॉलेज सुटलं तेव्हा ती रडली नव्हती, आता — सांगा सम्राट आला होता, खरंच आला होता, सगळ्यांत आधी सायलीला विचारायला —

वही कुणाला मिळाली तर — आईचं नाव भागि