आईच्या गोधडीला कोरं ठिगळ

१२ नोव्हेंबर १९९८, शिरूर
फाटलीच! नगरहून ट्रकच्या टपावर गोधडी पांघरून आलो. उतरताना ओढली — मधलं लुगडं विरलेलं, हातात नुसत्या चिंध्या. आई गेली, तिच्या हातचं एवढंच राहिलंय. आन् बावीसला दौंडात रूथताईचं बाळ बाप्तिस्म्याला ह्याच गोधडीतून न्यायचंय! ताईला कळवायचं नाही. मीच शिवणार.

१४ नोव्हेंबर
झाली! नवंकोरं लाल मांजरपाट लावलं. अनसाआत्याच्या दारात बसून धावदोरा घातला. येणारे-जाणारे — "दाव्या, स्थळ बघू का? शिवणटिपण येतंय म्हणून सांगतो!" हसा लेको. आत्या केंदूरला गेलीय. येईपर्यंत नदीवर धुऊन ठेवतो.

१५ नोव्हेंबर, रविवार
सत्यानाश. वाळताना नवं कापड आटलं आणि भोवतीचं जुनं टराटरा फाटलं. आधी हात जायचा, आता डोकं जातंय! आत्या आली, हसून हसून खाली बसली. "आरं गाढवा, पाळकसाहेब देवळात दरसाली बायबलातलं काय सांगत्यात? जुन्याला कोरं ठिगळ लावू नगा! तवा कुठं व्हतास?"
होतो तिथंच. खिडकीतून पतंग बघत.

१६ नोव्हेंबर
जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच पाहिजे म्हणे. शोधायला निघालो, कांद्याचा लिलाव लागला होता, तिथंच दुपार गेली.

१७ नोव्हेंबर
जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गाठली. गाठोडं उपसलं — सगळं पॉलिस्टर! ती म्हणाली, "सुती व्हय? तुज्या अंगात हाय की!"
खरंच की! भर बाजारात सदरा काढला. उघडाच घरी.

२० नोव्हेंबर
शिवून झाली. आत्यानं नखानं टाके ओढून बघितले. "उंदरानं कुरतडल्यावानी दिसतंय. पन धरलंय."

२२ नोव्हेंबर, दौंड
बाळ थाटात देवळात! ताईच्या सासूबाई सिंधूमावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या — "बाप्याचं शिवण! पयल्या धुण्यात उकलंल." तेवढ्यात पाळकसाहेबांच्या पाण्याआधी बाळानंच गोधडी भिजवली. घरी येऊन ताईनं ती थेट बादलीत टाकली. मी बाहेर पळालो. बघवेना.

२३ नोव्हेंबर
वाळली — सपाट! एक टाका हलला नाही! ताईनं ठिगळावरून हात फिरवला, फिरवतच राहिली. मी अंगणात ओरडलो, "मावशी, बघा बघा!" त्या उठून आत गेल्या. जिंकलो! उद्या पहिल्या ट्रकनं सोलापूर.

२४ नोव्हेंबर
पिशवी उचलली तर सिंधूमावशी दारात. त्यांची स्वतःची गोधडी माझ्या हातात दिली. फाटक्या जागेतून आतला रेल्वेचा निळा शर्ट दिसत होता — त्यांच्या गेलेल्या मालकांचा.
"शर्ट झाकू नगंस, बाबा. असाच दिसू दे."
सुई मागितली. बसलो.