हातघंटांनी पळवलेली गल्ली

लातूर, नाताळ १९९३

सौ. विमल हिला सुरेल छळातून सप्रेम नमस्कार.

तक्रार गंभीर आहे. शेजारच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांना माणशी एकच हातघंटा, घंटेला एकच सूर. आपली पाळी येईतो गप्प उभं राहायचं! तुला जमेल?

भूकंपापासून इथं घरोघरी पेल्यांची उतरंड रचतात. ती खणखणली की पळायचं. काल संध्याकाळी घंटा वाजल्या आणि अख्खी गल्ली बाहेर. मीही, धोतर सावरत. हसून घे. मग गाणाऱ्यांनीच आम्हाला केक वाटला.

तिकडे आपल्या छोट्या उर्वीचा खोकला कसा आहे?

आपला मुकुल तेवढा शिकवणीच्या पुस्तकांपुढून हलला नाही. "पळ की रे!" म्हणून ओरडलो, तर म्हणाला, "पडू द्या घर, बाबा. टेस्ट तरी टळेल."

विमल, भूकंपापेक्षा मला त्या उत्तराची भीती वाटते. त्याला तुझ्याकडे नांदेडला घेऊन येऊ का?

तुझा,
रेणुकादास