मुकादमाची मान

प्रिय धाकटे,

सकाळी मी फोन केला आणि झोप झाली का, भाजी काय केलीस, एवढंच विचारून ठेवून दिला, तेव्हाच तुला संशय आला असेल. ताईचा फोन दोन मिनिटांत संपला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला कळायला वेळ लागत नाही. तुझ्यामागे चिंगी ताट बडवत होती, अगदी ठेक्यात. पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल आणि अजून तुला 'आई' म्हणून हाक मारत नाही. तो ठेका ऐकला आणि फोनवर सांगणं मला जमलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. अक्षर गोड मानून घे.

आमच्या मुकादमाचं सांगते आधी. तोच तो आमच्या प्रयोगशाळेतला राखाडी पोपट, ज्याचं कौतुक सांगून सांगून मी तुम्हाला वीट आणला होता. गाणं लागलं की तालावर मान डोलवायचा, कामगारांचं काम पसंत पडल्यासारखी, म्हणून मुकादम. बाकीचे पाच पोपट झाडूवाल्या मावशींच्या खोकल्यापासून टेलिफोनच्या घंटीपर्यंत सगळं उचलतात. हा नऊ वर्षांत एक शब्द शिकला नाही. पण गाण्याची गती वाढवली की दोन-तीन ठोक्यांत त्याची मानही जलद व्हायची. आम्ही पडदा लावला, कुणी हातापायाने इशारा करू नये म्हणून सगळे खोलीबाहेर थांबलो, आत फक्त कॅमेरा ठेवला. तरी मान बरोबर. त्या मानेवर मी माझा सगळा सिद्धांत उभा केला. माणसाला शब्द सुचण्याच्या कितीतरी आधी ताल सापडला असणार. ताल हा पाया, भाषा हे त्यावरचे मजले. मुकादमाकडे पाया आहे, मजले नाहीत, हा माझा पुरावा. मोठमोठ्या सभांतून हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

पक्ष्यांच्या खोलीतलं लाकडी कपाट ओल येऊन कुजलं होतं. परवा सुताराने ते काढलं. गाण्याचा स्पीकर त्याच कपाटावर असायचा आणि मुकादमाची बसायची दांडीही त्यालाच स्क्रूने बसवलेली. सुताराने स्पीकर भिंतीवरच्या फळीवर ठेवला आणि मुकादमाला छताला टांगलेला छानसा झोपाळा करून दिला. मी गाणं लावलं. मान हलेना. मला वाटलं, जागा बदलली म्हणून रुसलाय. तीन गाणी बदलली, आवाज वाढवला, काही नाही. तेवढ्यात सुताराच्या हातून पत्र्याचा तुकडा निसटला आणि फरशीवर असा आदळला की मी किंचाळले, पाचही पोपट फडफडत छताला जाऊन भिडले. मुकादम पाठ करून बसला होता. तो पंखातली पिसं साफ करत राहिला. सुतार त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाई, याला ऐकू येत नाही. माझा थोरला भाऊ असाच आहे. लहानपणी तो आमच्यापेक्षा चांगला नाचायचा, पायाखालच्या फळ्यांतून ताल धरायचा. आम्हाला सहा वर्षं कळलं नाही."

मी त्याला चक्क हसले. नऊ वर्षांच्या वह्या माझ्याकडे, आणि हा मला शिकवणार. पण त्याने स्पीकर फळीवरून खाली उतरवला, मुकादमाला उचलून थेट त्या खोक्यावर ठेवलं आणि गाणं लावलं. मान लागली डोलायला. मी तिथल्या स्टुलावर बसून गाणं संपेपर्यंत त्या मानेकडे बघत राहिले. काल पक्ष्यांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. दोन्ही कान पूर्ण बंद, बहुधा पिल्लू असल्यापासून. लाकडातून येणारी थरथर त्याला नखांत कळत होती. शब्द शिकला नाही कारण शब्द कधी त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. आम्ही सहा शिकलेली माणसं, कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या गप्प बसण्याचं मला नवल वाटायला हवं होतं, मी त्याचा पुरावा केला.

पण पोपटासाठी रडायला मी तुला पत्र लिहिलं नसतं. शोधनिबंध मागे घेता येतात, उद्याच तसं कळवते आहे. लोक हसतील, हसू देत. काल संध्याकाळी कप विसळत होते आणि एकदम, मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हाचं तुझं जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आलं. रेडिओ टेबलावर, चिंगी शेजारी, दोन्ही तळवे लाकडावर पसरलेले आणि पाय तालात हलताहेत. तिला सतरंजीवर उतरवलं तशी ती थांबली, तेव्हा भूक लागली असेल असं मीच म्हणाले होते. कप हातातून सुटून फुटला.

तुझ्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, मी मागून हाक मारते तर पोर वळत नाही. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांना मुकादमाची चित्रफीत दाखवली. दार आपटलं की वळते ना, ताल इतका पक्का आहे ना, मग मजले चढतीलच, असं म्हणाले. त्या ताटं उचलून आत गेल्या. चिंगीच्या कानांची तपासणी सोमवारी ठरली होती. ती तू माझ्यासमोर फोन करून रद्द केलीस, आणि जीव भांड्यात पडल्यासारखी हसलीस. त्याला आता पंधरा महिने झाले. भाषा शिकण्याच्या वयातले पंधरा महिने म्हणजे किती, हे आपल्या घरात फक्त मला ठाऊक होतं. कदाचित माझं हेही चुकत असेल, चुकू दे, मी पेढे वाटीन. पण आता माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझे भावोजी हे पत्र घेऊन दुपारच्या गाडीने निघताहेत. उद्या सकाळी दहाची कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, चिठ्ठी त्यांच्याकडे आहे. सासूबाईंना बरोबर ने, त्यांना आधीच कळलं होतं. मला शिव्या नंतर दे, हव्या तेवढ्या. आणि उद्यापर्यंत चिंगीशी बोलताना तिच्यासमोर बस, उजेडात, तुझे ओठ तिला दिसतील असं.

तुझीच, तुझ्या लेकीची अपराधी,
ताई